बालीला निघण्याआधी लाटांचा तक्ता असा वाच

चि. गौरीस,

अनेक आशीर्वाद.

तुझा ऑगस्टचा सर्फिंगचा बेत आणि लाटांच्या अंदाजाचा तक्ता मिळाला. ‘दीड मीटरच आहे, गोव्यातल्या आश्व्यासारखंच’ असं तू लिहिलंस, तिथेच मला थांबावं लागलं. नुसत्या उंचीवरून बालीची लाट कळत नाही. शेजारचा पिरियडचा, म्हणजे एका लाटेमागून दुसरी किती सेकंदांनी येते त्याचा रकाना आधी बघ.

गोव्यात तू ज्यांवर शिकलीस त्या लाटा बहुतेक जवळच्याच वाऱ्याने उठलेल्या असतात, सहा-आठ सेकंदांच्या. बालीला ऑगस्टमध्ये येणारा स्वेल (दुरून चालत आलेल्या लाटा) दक्षिण हिंदी महासागरात, ४० ते ५० अक्षांशांच्या पट्ट्यातल्या वादळांतून निघतो. त्याचा पिरियड १४ ते १८ सेकंदांपर्यंत असतो. ताकदीचा ढोबळ हिशेब असा: उंचीचा वर्ग गुणिले पिरियड. दोन मीटर आणि नऊ सेकंदांचे ३६ होतात, दीड मीटर आणि सोळा सेकंदांचेही ३६च. शिवाय सोळा सेकंदांच्या लाटेला सुमारे २०० मीटर खोलीपासूनच तळ जाणवू लागतो आणि रीफवर, म्हणजे पाण्याखालच्या प्रवाळाच्या खडकावर, आली की ती एकदम उभी राहते. तक्त्यातली दीड मीटर तिथे तुझ्या डोक्यावरून जाऊ शकते.

असा स्वेल दिवसाला हजार-अकराशे किलोमीटर येतो, म्हणून तो चार-पाच दिवस आधी ओळखता येतो. सर्वांत लांब पिरियडच्या लाटा सर्वांत पुढे पोचतात. उंची अर्धाच मीटर पण पिरियड १९-२० अशी ओळ दिसली, तर तो दिवस शांत समजू नकोस. नवा स्वेल दाराशी आला आहे आणि पुढचे दोन दिवस जपायचे आहेत. (केरळात निरभ्र आकाशाखाली अचानक किनाऱ्यात घुसणारं ‘कल्लक्कडल’ याच दक्षिणेकडच्या स्वेलमुळे येतं. हैदराबादचं ‘इन्कॉइस’ हे समुद्राच्या अंदाजाचं सरकारी केंद्र त्याचे इशारे देतं.) लांब पिरियडच्या लाटा घोळक्याने येतात आणि दोन घोळक्यांमध्ये कधी पंधरा-वीस मिनिटं समुद्र निपचित असतो. त्या वेळात नवखे लोक आत जातात आणि नेमके मधोमध सापडतात. तेव्हा पाण्यात उतरण्याआधी अर्धा तास किनाऱ्यावर बसून बघायचंच. यात सूट नाही.

वाऱ्याची काळजी कमी आहे. ऑस्ट्रेलियात तेव्हा हिवाळा, तिथल्या उच्च दाबाकडून आग्नेय व्यापारी वारे बालीवर सतत वाहतात. पश्चिमेकडच्या कुटा, लेगियन, बालंगन या किनाऱ्यांना ते जमिनीकडून येतात आणि लाट नीटस ठेवतात. पूर्वेच्या केरामासला तेच वारे समुद्राकडून येऊन लाटेचा चुरा करतात, म्हणून तिकडे जायचं तर पहाटेच. पाऊस थोडा, आणि चक्रीवादळांचा हंगाम तिकडे नोव्हेंबर ते एप्रिल. वाऱ्याच्या अंदाजावर तीन दिवसांपलीकडे विसंबू नकोस. तक्ता यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असेल तर बालीच्या वेळेसाठी आठ तास मिळव.

भरती-ओहोटी मात्र मनावर घे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तिथे पाणी दोन-अडीच मीटर चढतं-उतरतं. ओहोटीला रीफवर गुडघाभरही पाणी उरत नाही आणि लाट तशीच फुटत राहते. तुझ्यासाठी रीफवर भरती अर्धी झाल्यापासून पूर्ण होईपर्यंतची वेळ बरी. अष्टमीच्या आसपासच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीला, फरक कमी असतो, पहिला प्रयत्न तेव्हा कर.

पहिले तीन दिवस कुटा-लेगियनच्या वाळूवरच राहा. स्वेल दीड मीटर आणि पंधरा सेकंदांच्या वर गेला की तिथली लाट टोकापासून टोकापर्यंत एकदम कोसळते, त्या दिवशी सुट्टी. नंतर मेडेवीची लांब, सावकाश, स्वाराच्या डावीकडे फुटत जाणारी लाट तुला झेपेल, पण तळाशी गोटे आहेत. उलुवातू आणि पादांग पादांग या ठिकाणच्या लाटा वरून बघ, उतरू नकोस. उलुवातूला पाण्यात जायची-यायची वाट एका गुहेतून आहे, आणि मोठ्या भरतीत प्रवाह त्या गुहेच्या पुढे उत्तरेला ओढून नेतो. परतताना गुहेच्या बऱ्याच दक्षिणेला रोख धरावा लागतो, आणि चुकलं तर पुन्हा बाहेर वल्हवत जाऊन फेरा घ्यावा लागतो. दमलेल्या हातांना ते जमत नाही.

पडलीस तर अंग सपाट ठेवून पड, पाय खाली सोडू नकोस, वर येताना हात डोक्यावर. प्रवाळाने खरचटलं तर लगेच बाटलीबंद पाणी, साबण आणि मऊ ब्रशने आतले कण काढायचे, मग बेटाडीन. कण आत राहिले की जखम चिघळते, आणि ती सुकेपर्यंत पाणी बंद.

सामानात लांब बाह्यांचा रॅश गार्ड (पाण्यात घालायचा घट्ट सदरा), रीफचे बूट, झिंकचं सनस्क्रीन आणि बोर्डावर पाय घसरू नये म्हणून चोळायचं उष्ण पाण्याचं वॅक्स घे. थंड पाण्याचं वॅक्स तिथे वितळतं. लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधायची दोरी, बोर्डाएवढी किंवा किंचित लांब हवी. भाड्याच्या बोर्डाची लीश दोन्ही टोकांना ओढून बघ, आणि वेल्क्रो सैल असेल तर दुसरी माग. बोर्डाची लांबी ठरली की कळव.

तुझी,
आई