उंदराला किती दुखलं, याची नोंद सक्तीची करा

मा. केंद्रीय मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,

प्रयोगांतल्या प्राण्यांवर देखरेख करणारी सीसीएसईए ही समिती आपल्या मंत्रालयाखाली येते, म्हणून आपल्याला लिहिते आहे. मी प्राणिगृहात काम करणारी पशुवैद्य. प्रकल्पाच्या अर्जात भूल कोणती, वेदनाशामक कोणतं, हे सगळं लिहिलेलं असतं. शस्त्रक्रियेनंतरच्या वहीत मात्र मला बहुतेकदा एकच शब्द दिसतो: ‘नॉर्मल’.

उंदीर दुखणं लपवतो; शिकार होणाऱ्या प्राण्याला ते दाखवणं परवडत नाही. त्यात तो निशाचर, आणि आम्ही त्याला तपासणार भर सकाळी. कोपऱ्यात गप्प बसलेला उंदीर झोपलाय की कळवळतोय, हे दारातून डोकावून कसं कळणार?

पण कळू शकतं. २०१० साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेफ्री मोगिल यांच्या गटाने उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजणारी ‘माऊस ग्रिमेस स्केल’ मांडली. आवळलेले डोळे, फुगलेलं नाक, फुगलेले गाल, कानांची आणि मिशांची ठेवण. प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण. पुढे रॅट (प्रयोगशाळेतली उंदरांची मोठी जात) आणि सशांसाठीही अशा मोजपट्ट्या झाल्या. शेपटीला चटका देऊन ती किती सेकंदांत झटकली जाते हे बघणारी जुनी चाचणी मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया मोजते. शस्त्रक्रियेनंतरचं दुखणं तिच्यात सापडत नाही.

याहून स्वस्त उपायही आहे. पिंजऱ्यात घरट्यासाठी थोडा कापूस टाकायचा. धडधाकट उंदीर साधारण दहा मिनिटांत तो ओढून घेतो. दुखत असलेला बहुधा तिकडे फिरकत नाही.

भुलीच्या अंमलानेही चेहऱ्याचे गुण वाढतात, म्हणून शस्त्रक्रियेआधीचे गुण हाताशी हवेत. शिवाय २०१४ मध्ये मोगिल यांच्याच गटाला आढळलं, की पुरुषाच्या नुसत्या वासानेही उंदीर तणावाखाली येतो आणि वेदना कमी दाखवतो. (आमच्याकडचे बहुतेक कर्मचारी पुरुषच आहेत!)

‘वेदनाशामक दिलं तर निष्कर्ष बिघडतील’ हा युक्तिवाद संशोधकांकडून नेहमी येतो. दुखण्याने भूक, झोप, प्रतिकारशक्ती बदलते, त्याने निष्कर्ष बिघडत नाहीत का?

म्हणून विनंती: शस्त्रक्रियेआधी आणि नंतर ठरावीक वेळांना, त्यात एकदा तरी रात्री, वर्तनावरून वेदनेचे गुण नोंदवणं सक्तीचं करा. कोणी तपासलं हेही त्यात असावं. किती गुणांना वेदनाशामक द्यायचं आणि कुठे प्रयोग थांबवायचा, हे संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीने मंजुरीच्या वेळीच ठरवावं. कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च प्रकल्पाच्या अनुदानातच धरला जावा, नाहीतर तो कोणीच करणार नाही.

आपली,
एक पशुवैद्य, पुणे