शनिवारच्या फुटबॉल मॅचआधी

स्टॉपरसाहेब,

तुझा मेसेज वाचला. "मिड-टेबलवाले आहेत रे, ना वर जायचंय ना खाली पडायचंय, त्यांना काय पडलंय, आरामात तीन पॉइंट घेऊन या." आधी हसू आलं, मग असा राग आला की मेसेजमध्ये मावेना, म्हणून हे एवढं मोठं पत्र. टीममधली स्टॉपरची, म्हणजे गोलसमोरच्या मधल्या डिफेंडरची, जागा सोडून एकच सीझन झाला आणि तू चक्क प्रेक्षकासारखा बोलायला लागलास.

आरामात कसले डोंबलाचे. आम्ही खालून दुसरे आहोत, बाहेरच्या ग्राउंडवर या सीझनला एक मॅच जिंकलेलो नाही आणि मागच्या मॅचला पाच गोल खाल्ले. त्यातले दोन माझ्या, म्हणजे कीपरच्या, नावावर, त्याबद्दल पुढे लिहितो, आत्ता नको.

खरं सांगू, ज्यांना काही पडलेलं नसतं त्यांचीच मला जास्त भीती वाटते. तळातल्या टीमशी खेळताना दोघांचीही तंतरलेली असते, बॉल कुणालाच पायात नको असतो. टॉपच्या टीमसमोर मागे बसायचं, मार खायचा, कोणी काही बोलत नाही. पण हे मधले, यांचा कोणीही तिसऱ्या मिनिटाला लांबून उगाच एक हाणणार, गेला तर गेला, नाही तर हसत मागे. आणि आपला पोरगा साधा पाच मीटरचा पास देताना दहा वेळा विचार करतो. हे असं असताना सोपी मॅच कोणाला म्हणायचं?

तुला इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधलं 2005 चं नॉरविच आठवतंय का? मला सारखं तेच आठवतंय. सीझनच्या शेवटच्या दिवशी ते 17 व्या नंबरवर होते, म्हणजे रेलिगेशनच्या (तळातल्या तीन टीम खालच्या लीगमध्ये जातात) बाहेर, सगळं त्यांच्याच हातात, जिंकले की वाचले. समोर फुलहम, टेबलच्या मध्यात निवांत बसलेले, हरले काय जिंकले काय सारखंच. तुझ्या हिशोबाने आरामात तीन पॉइंट. 6-0 ने हरले! याच नॉरविचने महिनाभर आधी घरच्या ग्राउंडवर मँचेस्टर युनायटेडला 2-0 ने पाडलं होतं, आणि बाहेर अख्ख्या सीझनमध्ये एकही जिंकले नाहीत. सात विजय, सातही घरचे. मी हे वाचतो तेव्हा मला आमचंच टेबल दिसतं.

आणि त्याच दिवशी वाचलं कोण, तर वेस्ट ब्रॉम, जे सकाळी टेबलच्या तळाला होते आणि ख्रिसमसलाही तळालाच होते. पोर्ट्समथला 2-0 हरवलं आणि 34 पॉइंटवर राहिले, नॉरविच 33 वरच अडकून खाली गेलं. आता गंमत बघ, वेस्ट ब्रॉमचे विजय सहाच. नॉरविचपेक्षा एक कमी! पण ड्रॉ किती, तर 16, नॉरविचचे 12. म्हणजे कमी जिंकूनही फक्त ड्रॉ जमवत जमवत माणूस वाचला.

यावरून माझं आणि कोचचं वाजलंय. त्यांचं म्हणणं, आता प्रत्येक मॅच जिंकायलाच हवी, पुढे दाबायचं, डिफेन्स लाइन वर घ्यायची, म्हणजे डिफेंडरनी आपल्या गोलपासून लांब पुढे उभं राहायचं. मी म्हटलं सर, शनिवारी एक पॉइंट घेऊन येऊ, 0-0 झालं तरी मी नाचत येईन, पाच जणांना मागे ठेवा. तर सगळ्यांसमोर म्हणाले, कीपरने गोल वाचवायचे, टीम आम्ही ठरवू. गप्प बसलो. त्यांचंही अगदीच चूक नाही म्हणा, 1981 ला इंग्लंडने जिंकण्याचे दोनाचे तीन पॉइंट केले (मग हळूहळू सगळ्या जगाने) तेव्हापासून ड्रॉचा भाव उतरलाच आहे, पूर्वी दोन ड्रॉ म्हणजे एक विजय व्हायचा, आता तीन लागतात. पण भाव उतरलाय म्हणून फुकट थोडाच आहे? आणि मागच्या मॅचला लाइन वर घेऊनच पाच बसले, त्यांचा स्ट्रायकर मागच्या मोकळ्या जागेत नुसता पळत होता, आपले दोघे स्टॉपर त्याचा जर्सी नंबर वाचत मागून.

ग्राउंडचाही प्रश्न आहे. तू तिथे खेळलायस, तुला माहितीये किती रुंद आहे ते. नियमातच लांबी 90 ते 120 मीटर आणि रुंदी 45 ते 90 चालते, म्हणजे गोलपोस्ट आणि बॉक्सची मापं सोडली तर बाकी ज्याचं त्याचं. आपल्या अरुंद ग्राउंडची सवय झालेले विंगबॅक, कडेने सतत पुढे-मागे पळणारे, तिथे विसाव्या मिनिटालाच धापा टाकतात. लोकांचा आरडाओरडा असतो तो वेगळाच. मी आधी मानायचो नाही, पण 2020-21 ला प्रीमियर लीगचा जवळजवळ सगळा सीझन रिकाम्या स्टेडियममध्ये झाला तेव्हा 380 पैकी 153 मॅचेस पाहुण्या टीमने जिंकल्या आणि यजमानांनी 144. इंग्लंडच्या टॉप लीगमध्ये असं आधी कधीच झालं नव्हतं. म्हणजे घरच्या टीमला खरा आधार कशाचा असतो बघ. फक्त आम्हाला रिकामं ग्राउंड कोण देणार, शनिवारी माझ्या गोलच्या मागेच त्यांची सगळी टवाळ पोरं बसतील.

आणि आता तर टाइमपासही करता येत नाही रे! तुला माझी कला माहितीये, बॉल छातीशी धरून झोपायचं, उठायचं, मोजे नीट करायचे. 2025-26 पासून नवीन नियम, आठ सेकंदांपेक्षा जास्त बॉल हातात ठेवला की थेट समोरच्याला कॉर्नर, म्हणजे आमच्या गोलजवळच्या कोपऱ्यातून किक. रेफ्री शेवटचे पाच सेकंद हात वर करून बोटांनी मोजून दाखवतो, शाळेत असल्यासारखं वाटतं. आधी सहा सेकंदांचा नियम होता पण त्यावर इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावरून थेट गोल मारता येत नाही), ती कोणी सहसा द्यायचंच नाही. आणि कॉर्नर म्हणजे आमच्यासाठी अर्धा गोलच.

कॉर्नरवरून आठवलं, ते दोन गोल. पहिल्याला मी बाहेर आलो, अर्ध्या रस्त्यात थांबलो आणि बॉल डोक्यावरून गेला. दुसऱ्याला, पहिलं आठवून, आलोच नाही. लाइनवर उभा राहिलो पुतळ्यासारखा, सहा यार्डात त्यांच्या माणसाने निवांत डोकं लावलं. सगळे म्हणाले नशीब, ऊन डोळ्यावर होतं वगैरे. ऊन पाठीमागे होतं. खरं कारण मी कोणाला सांगितलं नाहीये, तुला सांगतो, मी ओरडलोच नाही. "कीपर!", म्हणजे बॉल माझा, एवढा एक शब्द घशातून निघाला नाही. तू असताना मी बोलायच्या आधीच तू मागे वळून विचारायचास, तुझा की माझा, आणि मी नुसतं उत्तर द्यायचो. आता समोर दोघं नवीन पोरं आहेत, ती माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे बघतो, आणि बॉल जाळीत.

पाच खाल्ल्यावरही माणूस उठतो हे मला माहितीये, उगाच समजवायला बसू नकोस. 2014 ला संडरलँडने एप्रिलमध्ये टॉटनहॅमकडे 5-1 असा मार खाल्ला, तळाला होते, नंतर एव्हर्टनकडूनही हरले, आणि मग बाहेर जाऊन मँचेस्टर सिटीशी 2-2, तीन दिवसांनी चेल्सीला चेल्सीत 2-1, पुढे युनायटेडला त्यांच्याच घरी 1-0. चेल्सीचा तेव्हाचा कोच मोरिन्यो, त्याचा चेल्सीच्या ग्राउंडवरचा लीगमधला तो पहिला पराभव, आधीच्या 77 मॅचेस हरला नव्हता. शेवटी संडरलँड 14 वे. काल रात्री झोप येत नव्हती म्हणून त्या सगळ्या मॅचेसचे हायलाइट्स बघत बसलो.

तर कामाचं विचारतो. त्यांचा तो उंच नऊ नंबर अजून खेळतोय, तोच, जो पाठ लावून उभा राहतो आणि कोपर मारतो. तू त्याला दोन्ही मॅचेसमध्ये एक हेडर घेऊ दिलं नव्हतंस. कसं केलंस? आधीच उडी मारायचास की त्याला ढकलत बाहेर न्यायचास? आणि कॉर्नरला त्याच्या पुढे उभा राहायचास की मागे? नीट लिहून पाठव, व्हॉइस नोट पाठवलीस तरी चालेल, त्या दोघा पोरांना शुक्रवारच्या प्रॅक्टिसला ऐकवतो. तुझ्या आवाजात ओरडलेलं असेल तर उत्तमच.

तुझा,
एक नंबर जर्सीवाला