रविवारची भरपाई, सोमवारचा भुर्दंड

संपादक महोदय,

झोपेविषयीच्या सल्ल्यांत सारा भर ‘किती तास’ यावर असतो. ‘किती ते किती’ हा प्रश्न मागेच राहतो, म्हणून हे पत्र.

कामाच्या दिवशी रात्री ११ ते सकाळी ६ झोपणारा माणूस सुटीच्या दिवशी २ वाजता झोपून १० वाजता उठला, तर झोप तासभर जास्तच मिळाल्याने आठवड्याची थकबाकी फिटली असे त्याला वाटते. परंतु झोपेचा मध्य अडीचवरून थेट सहावर सरकलेला असतो, आणि सोमवारी गजर वाजताच तो पुन्हा अडीचवर आणावा लागतो. या तफावतीला जर्मन संशोधक टिल रोएनेबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘सोशल जेटलॅग’ असे नाव दिले. जेटलॅग म्हणजे लांबच्या विमानप्रवासानंतर शरीराची वेळ तिथल्या वेळेशी न जुळणे. पण विमानाने गेलेल्याला निदान नव्या ठिकाणचा सूर्य तरी साथ देतो. इथे सूर्य तोच राहतो.

मेंदूतील मुख्य घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून वेळ जुळवते. बहुतेकांत त्याचा फेरा २४ तासांहून किंचित मोठा असल्याने ते मागे पडते सहज, पुढे येते कष्टाने. उशिरा उठणारा नेमका त्याला पुढे आणणारा सकाळचा उजेड गमावतो. मग रविवारी रात्री अकराला दिवा मालवून ‘आता झोप लागली तरी साडेपाचच तास’ असा हिशेब करत कूस बदलणे आलेच. मी हे वर्षानुवर्षे केले आहे.

प्रश्न केवळ सोमवारच्या आळसाचा नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या २०१९ मधील प्रयोगात अपुऱ्या झोपेनंतर काही जणांना शनिवार-रविवारी मनसोक्त झोपू दिले गेले. तरीही अपुऱ्या झोपेचे दिवस पुन्हा सुरू होताच इन्सुलिनला प्रतिसाद देण्याची त्यांच्या शरीराची क्षमता घटलेली आढळली.

यात उशिरा उठणाऱ्यांना, विशेषतः पौगंडावस्थेतील मुलांना, आळशी ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. त्या वयात शरीराचे घड्याळच उशिराकडे झुकते; भल्या पहाटेची शाळा ही मोठ्यांची सोय आहे.

हल्ली मी सुटीलाही नेहमीपेक्षा फार तर तासभर उशिरा उठतो आणि राहिलेली झोप दुपारी अर्ध्या तासाच्या डुलकीवर भागवतो. शनिवारचे जागरण सुटलेले नाही, पण रविवारी रात्रीचा तो हिशेब थांबला आहे.

आपला,
एक वाचक