बाई, तुमचे मनापासून आभार

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

निवृत्तीनंतरही पुण्यातल्या आम्हा मुख्याध्यापकांना तुम्ही वेळ देत आलात, म्हणून हे उघड पत्र. मुख्याध्यापकाची श्रद्धा त्याच्या स्वतःच्या वागण्याला लगाम घालण्यासाठी असते, शाळेला वळण लावण्यासाठी नव्हे, हे तुम्ही कागदावर उतरवून दिलंत.

पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण वा उपासना असेल, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(३) प्रमाणे मुलाला त्यात बसवण्यासाठी पालकांची संमती लागते. हे संमतीपत्र प्रवेशअर्जाला जोडू नका, हा तुमचा आग्रह फार मोलाचा. प्रवेशासाठी ताटकळलेला पालक ‘नाही’ म्हणत नाही. म्हणून आता ते प्रवेश संपल्यावर, वेगळ्या कागदावर घेतलं जातं. नकार आला तर त्या वेळात मूल शिक्षकासोबत वाचनालयात बसतं. वर्गाबाहेर उभं राहत नाही. परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका आणि शेवटी दोन मिनिटं मौन, कोणत्याही देवाचं नाव न घेता.

खरी गडबड होते ती शिक्षक-खोलीत. मुख्याध्यापकांच्या सत्संगाला जाणाऱ्यांना सोयीचे तास मिळतात, अशी कुजबुज सुरू झाली की न जाणाऱ्याचं मन कामातून उडतं. ती खोटी असली तरीही. यावरचा तुमचा उपाय साधा होता. वेळापत्रक आणि वर्गशिक्षकांच्या नेमणुका तिघांनी मिळून करायच्या, कारणासह फलकावर लावायच्या. सत्संगाचं निमंत्रण शाळेच्या गटावर टाकायचं नाही. पूजेची वर्गणी पगाराच्या दिवशी मागायची नाही, देणाऱ्यांची यादी लावायची नाही.

वार्षिक नियोजनात रमजान, पर्युषण, नाताळ आधी मांडायचे, मग चाचण्या. रोजा असलेल्या मुलाला दुपारच्या उन्हात धावण्याची चाचणी द्यायला लावणं क्रूर आहे. पालख्या पुण्यात मुक्कामी असताना वारकऱ्यांची सोय शाळेत झाली, तर मुलांची सेवा ऐच्छिक ठेवायची, तिला गुण नाहीत. दिंडी पुढे गेली की पाण्याच्या टाक्या आणि स्वच्छतागृहं धुऊन घ्यायची, मगच वर्ग भरवायचे. त्या वेळी मुख्याध्यापकानं तिथे हजर राहायचं. अध्यात्माचा इतका रोकडा अर्थ आम्हाला दुसऱ्या कुणी सांगितला नव्हता.

बाई, तुमचं ते टिपण आता नव्यानं रुजू होणाऱ्या प्रत्येक मुख्याध्यापकाच्या हाती आम्ही देतो. तुमचे फार फार आभार.

आपले,
पुण्यातील काही मुख्याध्यापक