आमच्या जिल्ह्यात व्यसन 'निरंक' आहे, साहेब

प्रति,
मा. मंत्री महोदय,
महाराष्ट्र शासन

स.न.वि.वि.

खात्याचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. दारूचा महसूल एका खात्याकडे, गांजा-एमडी पकडायचं काम पोलिसांकडे, गोळ्या विकणारी दुकानं औषध प्रशासनाकडे, व्यसनमुक्ती सामाजिक न्यायकडे आणि पिऊन पडलेला माणूस आरोग्याकडे. पत्र कुठेही टाकलं तरी 'सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही' असा शेरा घेऊनच परत येणार. म्हणून उघड्यावर लिहितोय.

26 जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला, आपण आमच्याकडे आला होतात. शाळेच्या पोरांकडून शपथ घेतलीत आणि म्हणालात, व्यसनाची खरी आकडेवारी ठेवणारा राज्याचा कार्यगट तीन महिन्यांत उभा राहील. टाळ्या मीही वाजवल्या. निवृत्त मुख्याध्यापक म्हणून मला जिल्हा समितीवर 'अशासकीय सदस्य' केलं गेलं. डिसेंबर उजाडला, राज्याचा गट काही दिसला नाही. जिल्ह्याचा तक्ता मात्र न चुकता वर जातो. कसा? मागच्या महिन्याची फाइल उघडायची, 'माहे' बदलायचा, प्रिंट काढायची. एकदा तेही राहून गेलं. ऑगस्टच्या बैठकीत 'माहे मे' असं वाचून दाखवलं, तरी कुणी मान वर केली नाही. चहा आला होता.

परवा टपालाने इतिवृत्त आलं. मुद्दा क्र. 4: 'व्यसनामुळे झालेले मृत्यू: निरंक. उपस्थित सदस्यांनी सर्वानुमते नोंद घेतली.' उपस्थितांत सातवं नाव माझं.

साहेब, त्या बैठकीच्या दिवशी मी नदीवर होतो. माझ्या धाकट्या भावाचा दहावा होता. पाऊण तास कावळा शिवेना. जमीन सांभाळू म्हणून झालं, वहिनीला अंतर देणार नाही म्हणून झालं. शेवटी पुतण्या पुढे झाला आणि म्हणाला, "पप्पा, मी नाही लागणार त्या नादाला." तेव्हा शिवला. योगायोग म्हणा हवं तर.

भावाची सुरुवात देशीपासून. पुढे 'बटन' म्हणतात त्या झोपेच्या गोळ्या आल्या. एक एकर विकून दोनदा केंद्रात ठेवला. दोन्ही वेळा सुधारून आला, दोन्ही वेळा पोळ्यापर्यंत टिकला. मृत्यूचं कारण काय लिहिलंय? 'हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने.' हृदय बंद न पडता आजवर कोण मेलंय?

मृत्यूच्या नोंदीला नमुना 2 भरतात. त्याच्या सांख्यिकी भागात विडी-सिगारेट, तंबाखू, सुपारी-पानमसाला आणि दारू यांची सवय होती का, असल्यास किती वर्षं, असे रकाने असतात. गोळ्यांचा रकानाच नाही. मी दारूपुढे '22 वर्षे' लिहिलं. खिडकीतल्या बाईंनी कागद परत सरकवला. "काका, ते कुणी भरत नाही. उद्या विम्याला अडचण होईल." मी भावजयीकडे पाहिलं आणि बाईंकडून व्हाइटनर मागून घेतला. तेव्हा निरंक लिहिणाऱ्यांत मीही आहे, हे लपवत नाही. हाच व्हाइटनर स्टेशनमागची पोरं रुमालावर टाकून हुंगतात. तीही आपल्या तक्त्यात निरंक.

मोजता येत नाही असं सांगू नका. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये सहा महिन्यांत देशभर पाहणी करा म्हणून सांगितलं, अहवाल यायला फेब्रुवारी 2019 उजाडला, पण आला. दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांत एकाला कसले तरी उपचार मिळतात, असं एम्सने त्यात लिहिलंय. म्हणजे माझा भाऊ भाग्यवानच! 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यात पंधरा वर्षांवरचे जवळपास 14 टक्के पुरुष दारू पीत होते. आमच्या जिल्ह्यात असे पुरुष नऊ लाख धरले तर सव्वा लाख झाले. सगळेच काही व्यसनी नसतात. दहातला एक धरा, साडेबारा हजार. तक्त्यात किती? 61. मी भूगोलाचा मास्तर, हिशोब चुकला असेल तर खात्याने दुरुस्त करावा. देशी दारू किती लिटर खपली हे मात्र दर महिन्याला बिनचूक कळतं. तिथे कधी 'निरंक' वाचलं नाही.

खरं म्हणजे आपल्याकडे आधी निर्णय होतो आणि मग त्याच्या मापाचा आकडा शिवला जातो. चंद्रपुरात 2015 ला दारूबंदी केली, 2021 ला उठवली. दोन्ही वेळा आकडे हात जोडून हजर होते. अमेरिकेत राज्याराज्यांत असे कार्यगट आहेत, मृत्यूचे दाखले, शाळांतल्या पाहण्या, अपघातांच्या नोंदी एका टेबलावर आणतात. तिथली माणसं म्हणून कमी मरतात असं नाही. पण मेलेला माणूस निदान कागदावर तरी सापडतो. आपल्याकडे बोगस पटसंख्या दाखवली म्हणून मास्तर निलंबित होतो आणि बोगस निरंक दाखवणाऱ्याला बढती मिळते. सदतीस वर्षं हजेरी घेतली मी, गैरहजर पोराला कधी हजर लावलं नाही.

कार्यगट करा न करा, आपली मर्जी. नमुना 2 मी दुरुस्तीसाठी पुन्हा देतोय. भावजय हो म्हणालीय, विम्याचं बघू म्हणाली. आणि त्या इतिवृत्तातलं सातवं नाव तेवढं खोडा.

आपला,
अशासकीय सदस्य (गैरहजर)