तारांचा हिशेब एका कागदावर लिहून देणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम यांस,

सप्रेम नमस्कार. माझ्या मुलीच्या दातांवरच्या तारा मे 2025 मध्ये निघाल्या, त्या दिवशी बसची वेळ झाली म्हणून मी पेढ्यांचा पुडा आपल्या टेबलावर ठेवून घाईने बाहेर पडले आणि बोलायचे तसेच राहिले. हे पत्र उघडपणे लिहीत आहे, कारण मुलांच्या दातांना तारा बसवाव्यात की नाही या विचारात असलेली अनेक घरे आमच्या खानापूर तालुक्यात आहेत आणि त्यांना नेमके तेच कुणी सांगत नाही, जे आपण आम्हाला पहिल्याच भेटीत सांगितले.

आपल्याकडे येण्याआधी आम्ही बेळगावातल्याच दुसऱ्या एका दवाखान्यात गेलो होतो. 2021 ची दिवाळी नुकतीच झाली होती, मुलगी नऊ वर्षांची होती आणि वरचे दोन दात एकमेकांवर चढलेले दिसत होते. तिथे पाच मिनिटांत बत्तीस हजारांचा आकडा सांगितला गेला आणि हप्ते पाडून देतो, पुढच्या आठवड्यात सुरू करू, असे आश्वासनही मिळाले. किती महिने लागतील, किती वेळा यावे लागेल, एक्स-रे आणि तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारे रिटेनर त्या बत्तीस हजारांत धरले आहेत का, यांतले काहीच कळले नाही. आम्ही विचारले नाही हेही खरे, कारण काय विचारायचे असते तेच आम्हाला ठाऊक नव्हते. घरी सासूबाईंचे मत असे पडले की दातावर दात म्हणजे भाग्याची खूण, त्याला हात लावूच नये.

आपण मात्र तिचे तोंड तपासून म्हणालात, "हिचे सुळे अजून यायचे आहेत, सुळ्यांमागच्या उपदाढांच्या जागीही दुधाच्या दाढाच आहेत. आता तारा घातल्या तर पुन्हा घालाव्या लागतील. दर सहा महिन्यांनी नुसतं दाखवून जावा की." त्या दिवशी आपण तपासणीच्या फीशिवाय एक रुपया घेतला नाही. समोर पैसे द्यायला तयार बसलेल्या आईबापांना दीड वर्ष थांबा म्हणून परत पाठवणारा डॉक्टर मी त्याआधी पाहिला नव्हता.

वेळ आली तेव्हा आपण केसपेपरच्या पाठीमागे निळ्या पेनाने दोन रकाने आखलेत. एका रकान्यात पैसे होते : एक्स-रे व दातांचे प्लास्टरचे साचे 1,500, चार उपदाढा काढण्याचे 2,000, तारांचे 36,000, शेवटी रिटेनरचे 3,000, आणि दातावर चिकटवलेले, तार धरणारे एखादे ब्रॅकेट निघाले तर दर वेळी 300. दुसऱ्या रकान्यात दिवस होते : महिने 20 ते 24, फेऱ्या 24 ते 28. त्याखाली आपण लिहिले होते, "प्रत्येक फेरीला तुमचा अर्धा दिवस." मी घरी शिलाईकाम करते. अर्धा दिवस म्हणजे दोन ब्लाऊज, हे मला तिथल्या तिथे मोजता आले. दिराने आरोग्यविम्याचे विचारले तेव्हा विमा कंपन्या सहसा तारांचा खर्च देत नाहीत, त्या भरवशावर राहू नका, हेही आपण स्पष्ट केले.

माझ्या मालकांचा, म्हणजे मुलीच्या वडिलांचा, टेम्पो वीटभट्टीवर चालतो. आमच्याकडचा पाऊस आपल्याला माहीत आहेच. तो लागला की भट्ट्या बंद होतात आणि थेट दसऱ्यापर्यंत हातात पैसा येत नाही. हे ऐकून सुरुवातीचे 9,000 घेतल्यावर उरलेल्या रकमेचे दीड-दीड हजारांचे अठरा हप्ते आपण असे पाडलेत की पहिल्या पावसाळ्यातले तीन महिने आणि दुसऱ्यातले दोन महिने कोरे सोडले, उपचार मात्र एकदाही थांबवला नाही. तारा जून 2023 मध्ये बसल्या. त्याच महिन्याच्या 11 तारखेपासून कर्नाटकात सरकारी बसमध्ये बायकांना शून्य तिकीट सुरू झाले, त्यामुळे मायलेकींचा नंदगड ते बेळगाव प्रवास फुकट झाला. हा योग आपल्या हिशेबात नव्हता, पण आमच्या हिशेबात त्याची मोठी मदत झाली.

एवढा वेळ का लागतो, तारा एकदाच घट्ट आवळून सहा महिन्यांत का संपवत नाहीत, असे मालकांनी एकदा जरा रागानेच विचारले होते. आपण त्यांनाच उलट विचारलेत, "कच्ची वीट घाईने भाजली तर काय होतं?" ते म्हणाले, तडकते. मग आपण समजावले की दात ज्या बाजूला ढकलला जातो तिकडचे हाड झिजते आणि मागे रिकाम्या झालेल्या जागेत नवे हाड भरते, ते काम शरीराच्या चालीनेच होते आणि जोर जास्त लावला तर दाताचे मूळच झिजू शकते. त्यानंतर त्यांनी घाई केली नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही बस धरायचो आणि आपण दुपारी दोनची वेळ आमच्यासाठी राखून ठेवायचात, त्यामुळे तिचे वर्ग फारसे बुडले नाहीत.

लग्नात डिंक-सुक्यामेव्याचा चिवट करदंट खाऊन खालचे ब्रॅकेट निघाले, तेव्हा ते कागदात गुंडाळून तिने कंपासपेटीतून आणले होते आणि ओरडा बसणार म्हणून बसमध्ये रडत होती. आपण तो बारीक तुकडा चिमट्यात धरून विचारलेत, "गोकाकचा होता की अमीनगडचा?" ती हसली. मग आपण बेळगावच्या मऊ कुंद्याला परवानगी दिलीत, मात्र खाल्ल्याबरोबर ब्रश करण्याच्या अटीवर. पुढेही ऊस आणि शेंगदाण्याच्या चिक्कीने आपले काम वाढवलेच. एकूण पाच ब्रॅकेटे निघाली. तारेचे टोक गालाला टोचायचे तेव्हा आपण दिलेले मेण ती वाटाण्याएवढे तोडून स्वतःच लावायला शिकली होती. अकराव्या वर्षी चार दात काढून घेतलेल्या मुलीकडून मी याहून जास्त अपेक्षा केली नसती.

शेवटी हिशेब असा जुळला : तेवीस महिने, सत्तावीस फेऱ्या, आणि पाच ब्रॅकेटांचे 1,500 धरून 44,000 रुपये. रक्कम आमच्यासाठी लहान नव्हती, परंतु कागदावर आधी न लिहिलेला एकही रुपया आम्हाला भरावा लागला नाही. मलप्रभेला पाणी चढल्यामुळे एक भेट चुकली, तिचाही आपण बोल लावला नाही.

रिटेनर ती जेवताना काढते आणि डबीतच ठेवते, कारण रुमालात गुंडाळलेले रिटेनर ताटाबरोबर कचऱ्यात जातात, हे आपले वाक्य तिने शाळेतल्या मैत्रिणींनाही ऐकवले आहे. धाकटा आता सात वर्षांचा आहे आणि अंगठा अजून सुटलेला नाही. पुढच्या तपासणीला त्यालाही घेऊन येते. त्याचे तिकीट मात्र काढावे लागेल.

आपली कृतज्ञ,
एक आई
नंदगड, ता. खानापूर, जि. बेळगाव