ठोकळ्यांच्या मागाला मोटर बसवताना : चि. अनिकेतला पत्र

सोलापूर

चि. अनिकेत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लेगोच्या ठोकळ्यांच्या तुझ्या विणायच्या मागाला बसवण्यासाठी तू पाठवलेली खेळण्यातली मोटर मिळाली. तिच्या आर्मेचरवर, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागावर, जाड तार भरून जोर वाढवून द्यावा, अशी तुझी मागणी आहे. ती मी पूर्ण करणार नाही. कारण नीट समजले नाही तर पुढच्या मोटरच्या वेळीही तू हेच मागशील, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

तुझ्या मोटरच्या आर्मेचरला तीन खाचा आहेत आणि त्या खाचांमध्ये मावेल तेवढेच तांबे भरता येते. दुप्पट क्षेत्रफळाची जाड तार घेतली की वेढे निम्मे बसतात. तारेची लांबी निम्मी आणि क्षेत्रफळ दुप्पट झाल्यामुळे रेझिस्टन्स एकदम चौथाईवर येतो. समज, आज तो दोन ओहम आहे आणि तू तीन व्होल्ट देतोस. मोटर अडकून थांबली की तिच्यातून दीड अँपिअर वाहतो आणि साडेचार वॅट उष्णता होते. जाड तार भरल्यावर त्याच तीन व्होल्टवर सहा अँपिअर आणि अठरा वॅट होतील. वेढे निम्मे आणि प्रवाह चौपट, म्हणून जोर दुप्पट होईल हे खरे. पण मूळच्या मोटरला तीनऐवजी सहा व्होल्ट दिले असते तरी नेमके हेच घडले असते, तोच दुप्पट जोर, तोच दुप्पट वेग आणि तीच चौपट उष्णता. बारीक तार भरली तर हाच हिशोब उलटा चालतो. थोडक्यात, खाच तेवढीच आणि लोहचुंबक तोच असेल, तर वाइंडिंग बदलल्याने मोटर कोणत्या व्होल्टेजवर चालावी एवढेच बदलते. बोराएवढ्या आर्मेचरला अठरा वॅट पचत नाहीत. वार्निश जळल्याचा जो वास आमच्या वर्गात दर वर्षी एखादा विद्यार्थी काढून दाखवतोच, तो तुला खोलीवर बसून घ्यायचा असेल तर गोष्ट वेगळी.

जोर हवा असेल तर तो गिअरमधून घ्यावा लागतो, आणि तो घेताना ठोकळ्यांचे माप मोडू देऊ नये, हे माझे मुख्य सांगणे आहे. फोटोत तू मोटर बसवण्यासाठी दोन ठोकळ्यांच्या भिंती कापलेल्या दिसतात. पुन्हा कापू नकोस. लेगोच्या आजच्या ठोकळ्याचे पेटंट डेन्मार्कमध्ये जानेवारी १९५८ मध्ये दाखल झाले, आणि तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर अजूनही बसतो. सगळ्या खेळाची किंमत त्या मापात आहे. मोटर बाजारात कुठेही मिळते, तेव्हा तिलाच त्या मापात आणावे.

माप तुला तोंडपाठ असायला हवे. वरच्या दोन उंचवट्यांमधले अंतर आठ मिलिमीटर. त्याला आपण एक घर म्हणू. ठोकळ्याची उंची ९.६ आणि पातळ पट्टीची ३.२ मिलिमीटर. एक ठोकळा आणि दोन पट्ट्या मिळून बरोबर सोळा, म्हणजे दोन घरे होतात. एकावर एक शाफ्ट चढवताना याच हिशोबाने उंची धरायची. गिअरच्या बाबतीत दर दातामागे त्रिज्येचा अर्धा मिलिमीटर धरला की पुरे. आठ आणि चोवीस दात्यांची जोडी सोळा मिलिमीटरवर, म्हणजे दोन घरांवर बसते, आणि आठ व चाळीसची तीन घरांवर. दोन गिअरच्या दात्यांच्या बेरजेला सोळाने पूर्ण भाग गेला तर ती जोडी पूर्ण घरांवर बसते, आणि आठने भाग जाऊनही सोळाने गेला नाही तर अर्धे घर शिल्लक राहते.

तुझ्या मागाची अडचण नेमकी तिथेच आहे. तुझ्या मामांच्या शेडमध्ये तू लहानपणापासून पाहिले आहेस की मागाची क्रँक शाफ्ट दोनदा फिरते तेव्हा खालची बॉटम शाफ्ट एकदा फिरते. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला फणी एकदा बाणा ठोकते. बॉटम शाफ्टच्या एका फेऱ्यात धोटा एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून मारला जातो, आणि साध्या विणीत ताण्याचे धागेही तेवढ्यात एकदा वर, एकदा खाली होतात. हे दोनास एकचे प्रमाण चुकले तर ते यंत्र माग राहत नाही. ठोकळ्यांमध्ये हे प्रमाण सरळ आठ आणि सोळा दात्यांनी मिळते. त्यांची बेरीज चोवीस, अंतर बारा मिलिमीटर, म्हणजे दीड घर. मध्ये तिसरा गिअर घालून हे अर्धे घर जिरवण्याचा तू प्रयत्न केला आहेस असे फोटोवरून दिसते. पण एका सरळ ओळीत तो कोणताही गिअर घातला तरी दोन बाजूंपैकी एकीकडे ते अर्धे घर निघतेच. ताणून बसवलेल्या त्या गिअरमुळे तुझी शाफ्ट वाकली आहे, आणि मोटरचा बराचसा जोर धोट्यापर्यंत न पोहोचता त्या वाकड्या शाफ्टच्या घासण्यात जातो.

यावर उपाय ठोकळ्यातच आहे. दोन उंचवट्यांच्या भोकाच्या ठोकळ्यात भोक दोन उंचवट्यांच्या मध्ये असते, तर एका उंचवट्याच्या ठोकळ्यात ते बरोबर उंचवट्याखाली असते. हे दोन ठोकळे एकमेकांना खेटून ठेव. पहिल्याचे भोक कडेपासून आठ मिलिमीटरवर आणि दुसऱ्याचे चार मिलिमीटरवर असते, म्हणजे दोन भोकांमधले अंतर बरोबर बारा. एकात क्रँक आणि दुसऱ्यात बॉटम शाफ्ट घाल, आणि वरून एक लांब पट्टी दाबून दोन्ही ठोकळे बांधून टाक.

आता मोटर. तुझ्या मोटरला गिअरबॉक्स नाही आणि ती मिनिटाला हजारो फेरे घेते. तिला धोटा दिसेल इतके हळू आणायचे तर ठोकळ्यांच्या गिअरच्या चार-पाच पायऱ्या लागतील, आणि प्रत्येक पायरीवर घर्षण आपला वाटा घेईल. त्याऐवजी एन-ट्वेन्टी नावाची छोटी मोटर घे, जिच्या तोंडाशीच धातूच्या दात्यांचा गिअरबॉक्स असतो. तिची रुंदी बारा आणि उंची दहा मिलिमीटर, म्हणजे ती दोन घरांच्या खोबणीत झोपते. सहा व्होल्टला तीनशे फेऱ्यांची घे. आठास चोवीसच्या दोन पायऱ्या लावल्या की तीनशेचे शंभर आणि शंभरचे तेहेतीस होतात. क्रँक मिनिटाला तेहेतीस फेरे फिरली, म्हणजे दोनेक सेकंदांनी एक पिक, धोट्याची एक फेक. खऱ्या मागाच्या मानाने हे फार संथ आहे, पण धोटा जाताना पाहणाऱ्याला दिसला पाहिजे. भार आल्यावर वेग आणखी उतरेल, तो उतरू दे. मात्र रिकाम्या वेगाच्या निम्म्यापर्यंत उतरला तर मोटर लहान पडते असे समज.

या दोन पायऱ्यांपैकी दुसरी अगदी क्रँकजवळ ठेव. मोटरपासून मागापर्यंतची लांब शाफ्ट शंभर फेऱ्यांवर फिरू दे आणि शेवटची तिप्पट तिथे पोहोचल्यावर होऊ दे. प्लॅस्टिकची शाफ्ट पीळ खाते. तिच्यातून जाणारा जोर एक-तृतीयांश असेल तर पीळही तेवढाच कमी, आणि आधीच्या गिअरमधला ढिलेपणाही शेवटी तिसऱ्या हिश्श्याने जाणवतो. वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारखा पिळाचा गिअर, वापरण्याचा मोह टाळ. एका पायरीत चोवीसपट मिळते खरी, पण वर्म दुसऱ्या टोकाकडून फिरवता येत नाही, आणि जो माग हाताने फिरवून पाहता येत नाही त्याची जुळवाजुळव करणे माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरलाही जमणार नाही.

हाताने फिरवण्यावरून एक ताकीद. एन-ट्वेन्टीची बाहेरची शाफ्ट जोराने हाताने फिरवू नये. आतले बारीक दाते तुटतात. म्हणून मध्ये चोवीस दात्यांचा सरकणारा क्लच गिअर घाल. त्याच्या तोंडावर २.५ ते ५ न्यूटन-सेंटिमीटर असा आकडा छापलेला असतो. त्याहून जास्त जोर आला की तो घसरतो. आधी तो क्रँकवर लावून पाहा. दर पिकला घसरू लागला तर मधल्या शाफ्टवर घे. तिथे तोच आकडा क्रँकच्या हिशोबाने तिप्पट, म्हणजे साडेसात ते पंधरा होतो. धोटा ताण्यात अडकला की खरा मागही ठोका देऊन थांबतोच; तुझ्या मागाला ते काम हा क्लच करील.

पिकच्या क्षणी मोटर दम खाते असे तू लिहिले आहेस. तो झटका भरून काढायला खऱ्या मागावर जड चाक असते. तू ते क्रँकवर लावायचे ठरवले आहेस, पण साठणारी शक्ती वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे तेच चाक तीनशे फेऱ्यांच्या शाफ्टवर लावले तर तेहेतीसच्या मानाने ऐंशीपटीहून अधिक काम देते. दोन-तीन जाड वॉशर एका पुलीवर पक्के केलेस तरी पुरे. मात्र क्लच नेहमी या चाकाच्या आणि क्रँकच्या मध्येच असला पाहिजे, नाहीतर माग अडकला की साठलेली सगळी शक्ती प्लॅस्टिकच्या दात्यांवर जाईल.

जोडणीकडे येते. मोटरची शाफ्ट तीन मिलिमीटरची, एका बाजूने सपाट. ठोकळ्यांची फुलीच्या आकाराची शाफ्ट ४.८ मिलिमीटरची. दोन्ही पितळी बुशात, म्हणजे जोडनळीत, एकत्र येतात. एमआयडीसीतल्या आपल्या ओळखीच्या टर्नरकडून मी चार बुश काढून घेतले आहेत. एका टोकाला तीनचे भोक आणि बाजूने ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा बारीक स्क्रू, आहे. तो शाफ्टच्या सपाट बाजूवरच आवळायचा. दुसऱ्या टोकाच्या भोकात फुलीची शाफ्ट अलगद जाते. ते भोक आतून सुईने आडवेउभे खरवडून घे आणि मग दोन नळ्यांचे एराल्डाइट भर. फुलीच्या चारही खोबणींत ते भरून घट्ट झाले की बुश घसरत नाही. आपल्याकडच्या उन्हात ते लवकर धरते. पुण्याच्या थंडीत मात्र पूर्ण चोवीस तास हात लावू नकोस. पहिला आठ दात्यांचा गिअर मोटरच्या शाफ्टवर कधीही टांगू नकोस. फुलीची शाफ्ट दोन ठोकळ्यांच्या भोकांत आधार घेईल आणि मोटर तिला फक्त फिरवेल, अशी रचना कर.

मोटर खोबणीत मध्यावर आणायला दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटरची भर लागेल. मुदत संपलेल्या एटीएम कार्डाच्या पट्ट्या काप. कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते, तेव्हा प्रत्येक बाजूला दोन पट्ट्या आणि उरलेल्यासाठी इन्सुलेशन टेपचे वेढे. उंचीही अशीच जुळव. बुश हाताने फिरवल्यावर मोटर डुलत नसेल तर मध्य साधला आहे. काही घासावे लागले तर आधी मोटरची सगळी भोके टेपने बंद कर, कारण आतला लोहचुंबक लोखंडाचा कीस ओढून घेतो आणि तो पुन्हा निघत नाही.

सोल्डर करताना मोटरच्या टोकाला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त सोल्डरिंग आयर्न ठेवू नये; मागचे प्लॅस्टिक मऊ होऊन ब्रश सरकतात. दोन टोकांमध्ये १०४ लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर लाव, म्हणजे ब्रशच्या ठिणग्यांचा त्रास शेजारच्या सर्किटला होणार नाही. सेल रिचार्जेबल घे, १.२ व्होल्टचे पाच मिळून नेमके सहा व्होल्ट होतात. मोबाइलच्या जुन्या बॅटरीतले सुटे लिथियम सेल घरात आणू नकोस, यावर चर्चा नको. गिअरला सिलिकॉन ग्रीस अगदी थोडे लाव. मशिनचे तेल एबीएस प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांना लागले तर ते तडकू शकतात.

तुझ्या मित्राकडे लेगोची जुनी पॉवर फंक्शन्सची मध्यम मोटर आहे असे कळले. ती देत असेल तर उत्तमच. नऊ व्होल्टला ती रिकामी चारशेच्या आसपास फिरते आणि फुलीची शाफ्ट थेट घेते, म्हणजे बुशाचा प्रश्नच उरत नाही. आपल्या सेलवर चालवायची तर तिची वायर कापू नका. एक जोडवायर घेऊन ती कापा आणि चारपैकी मधल्या दोन तारांना पुरवठा द्या. मोटरला जाणाऱ्या त्याच दोन असतात. दुसऱ्याची वस्तू जशी आणली तशी परत करता आली पाहिजे.

बुश कडक भाकरीच्या डब्यात कागदाच्या पुडीत आहेत. डबा मित्रांसमोर उघडण्याआधी पुडी काढून घे. एन-ट्वेन्टी आणलीस की तिच्या शाफ्टची लांबी व्हर्निअरने मोजून कळव. दहा मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर बुशाचे भोक उथळ करून घ्यावे लागेल, आणि टर्नर पुढच्या आठवड्यात गावी जाणार आहे, तेव्हा उत्तर त्याआधी दे. तुझी मूळ मोटर जशी होती तशीच डब्यात परत ठेवली आहे.

तुझी,
आई